लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचा लोखंडी नांगर

मृगाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे आपल्या सापगावच्या खाचरांतून नांगरणीस आरंभ होतो. आता पुष्कळ ठिकाणी बैलांची जागा यंत्राने घेतली आहे. परंतु जमिनीत शिरणारे टोक काल लोखंडाचे होते व आजही लोखंडाचेच आहे. हंगाम संपल्यावर विद्यार्थ्यांनी ते टोक एकदा हाती घेऊन पाहावे. आरंभी जो फाळ टोकदार होता, तो आता बोथट झालेला दिसेल. मात्र त्याच्या अंगावर आरशासारखी चकाकी आलेली असेल. माती मऊ व लोखंड कठीण, असे असता मऊ मातीने कठीण लोखंड कसे खाल्ले, हा प्रश्न सहजच मनात येतो. ह्याचे उत्तर असे की, माती दिसावयास मऊ असली तरी तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात, आणि गारगोटी साध्या लोखंडाहून कठीण आहे. प्रत्येक तासाबरोबर ते असंख्य कण फाळास कानशीप्रमाणे घासत राहतात. ह्यालाच घर्षण व झीज म्हणतात. ह्या घर्षणापायी बैलाचे बळ, शेतकऱ्याचा वेळ व लोहाराचा कोळसा ही तिन्ही खर्ची पडतात.

ह्या झिजणाऱ्या टोकाशी ज्यांनी आपले आयुष्य बांधून घेतले, अशा एका थोर महाराष्ट्रीय कारागिराचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे. त्यांचे नाव कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पुढे मोठे कारखानदार म्हणून त्यांची कीर्ती झाली. परंतु कारखानदार होण्यापूर्वी त्यांस किती ठिकाणी अपयश आले हे आपल्या मुलांस क्वचितच ठाऊक असते, आणि चरित्रातील खरा बोध त्या अपयशांतच आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी पंडित होते. अशा घरातील मुलाने ग्रंथ वाचावे, परीक्षा द्याव्या व सरकारी नोकरीस लागावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. परंतु ह्या मुलाचे लक्ष पाठांतरात कधी रमले नाही. त्यास दोनच गोष्टींचे वेड होते : एक चित्रे काढणे व दुसरे यंत्रे उघडून पाहणे. वडिलांस हे रुचले नाही. पण थोरले बंधू रामचंद्र, ज्यांस सर्व रामूअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधाराने १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस आले व जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे गेली आणि एक दुःखद गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नसे. हा दोष जन्मजात होता व त्यावर औषध नव्हते. चित्रकार होण्यासाठी वडिलांची नाखुषी पत्करून घर सोडलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलास हे ऐकून काय वाटले असेल, ह्याची कल्पना आपल्या वर्गांतील मुलेच चांगली करू शकतील. पुष्कळजण अशा वेळी हताश होऊन गावी परत जातात. लक्ष्मणरावांनी एवढेच पाहिले की, रंग गेले तरी रेषा उरली आहे. यंत्रांच्या आकृती काढण्यास रंग लागत नाहीत. नेमकी नजर व स्थिर हात लागतो. त्यांनी यांत्रिक चित्रकलेचा अभ्यास धरला व लौकरच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

शिकविण्याचा तास संपला की लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात. तेथे लेथ, भट्टी, साचे, कानशी ह्यांच्या सहवासात त्यांनी हातांस वळण लावून घेतले. पांढरपेशा घरातील शिक्षकाने अंगावर काळे तेल उडवून घेणे त्या काळी कमीपणाचे मानीत. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. ह्याच सुमारास मुंबईत नव्याने आलेली दुचाकी त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी ती आत्मसात केली, आणि बेळगावी रामूअण्णांच्या साह्याने सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत व रामूअण्णा त्या विकीत; चालविणे शिकविण्याबद्दल १५ रुपये निराळे घेत. किर्लोस्कर बंधू हे नाव प्रथम ह्या दुकानावर लागले.

सायकलीच्या चाकाचा तुंबा उघडला तर आत पोलादाच्या लहान गोळ्या दिसतात. एक वस्तू दुसरीवर घसरविण्यास जेवढे बळ लागते, त्याहून फारच थोडे ती गोळ्यांवर फिरविण्यास लागते. जुन्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे व त्यातील तेलात खललेली पेंढ्याची काळी राख आसास लावीत, तोही घर्षण कमी करण्याचाच उपाय. तेल वाहून गेले तरी ती काळी पूड आस व चाक ह्यांच्यामध्ये काही काळ टिकून राही. आपल्या पूर्वजांना घन वंगणाचे शास्त्र माहीत नव्हते, परंतु त्याची उपयुक्तता अनुभवाने कळली होती. कॅरमच्या पाटावर आपण पूड टाकतो किंवा कुरकुरणाऱ्या कुलपात शिसपेन्सिलीची भुकटी घालतो, त्यातही तत्त्व तेच.

संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा योग्यता असूनही लक्ष्मणरावांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी तक्रारीचे अर्ज करीत बसण्यापेक्षा नोकरी सोडली व ते बेळगावी आले. लहानसा कारखाना घालून त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे केली, व नंतर लोखंडी नांगराकडे मोर्चा वळविला.

नांगरच का, हे समजून घेतले पाहिजे. देशावरील काळ्या जमिनीत हरळी व कुंदा ह्यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर माती वरच्या वर उकरतो. तो तिला उलथून टाकीत नाही, म्हणून ती मुळे जमिनीतच राहतात. लोखंडी नांगरास फाळाच्या मागे बाकदार पंख असतो. तो मातीची चकती कापून पालथी करतो व मुळे उन्हात उघडी पडतात. इंग्लंडातील रॅन्सम कंपनीचे असे नांगर ह्या देशात येत, परंतु ते साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. आपल्या जमिनीस व आपल्या बैलांस मानवेल असा नांगर येथेच घडवावा, हा लक्ष्मणरावांचा हेतू होता.

नांगर तयार झाले, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, असा लोकांचा दृढ समज होता. पहिला नांगर विकला जावयास सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षेपर्यंत कारखान्यात उभा असलेला तो माल रोज डोळ्यांसमोर पाहणे ही सामान्य कसोटी नव्हे. शेतकरी अडाणी आहेत असे म्हणून लक्ष्मणरावांनी त्यांची हेटाळणी केली नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका खाचरावर अवलंबून आहे त्याने नव्या वस्तूस भिणे स्वाभाविक आहे, आणि ती भीती तर्काने नव्हे तर शेतातल्या पिकाने जाते, हे त्यांनी ओळखले. पहिल्या नांगरांत उणिवाही होत्या. गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकावी, दोष शोधावा व पुढील नांगरात तो काढून टाकावा, हा क्रम त्यांनी पुढे कधी सोडला नाही.

नांगर घडविणाऱ्यापुढे मुख्य अडचणी दोन असतात : फाळ झिजतो व पंखास माती चिकटते. ह्या दोहोंवर जगात कोणते उपाय झाले ते येथे थोडक्यात सांगणे अस्थानी होणार नाही. ओतीव लोखंड, ज्यास आपण बीड म्हणतो, त्यात शेकडा तीनच्या आसपास कोळशाचे मूलद्रव्य, म्हणजे कार्बन, मिसळलेले असते. वितळलेले बीड सावकाश निवाले तर त्यातील पुष्कळसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतील काळा पदार्थ. त्याचे थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून सहज सरकतात. म्हणून असे बीड घासले जात असता स्वतःच्या अंगातूनच थोडे कोरडे वंगण पुरविते. उलट तेच बीड साच्यात धातूच्या थंड पट्टीवर ओतून एकदम निवविले तर ग्रॅफाइट होण्यास अवसर मिळत नाही, व त्या बाजूस अतिशय कठीण पांढरे लोखंड तयार होते. इंग्लंडातील रॉबर्ट रॅन्सम ह्यांनी १८०३ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू अशी कठीण केली व वरची मऊ ठेवली, तर वरची लौकर झिजते, खालची टिकून राहते, आणि धार आपोआप कायम राहते. झीज पूर्णपणे थांबविता येत नाही. परंतु तिला कोणत्या बाजूने होऊ द्यावयाचे हे शहाण्या कारागिराच्या हाती असते. चिकट मातीवर अमेरिकेत जॉन डीअर नामक लोहाराने १८३७ साली तोड काढली : त्याने घोटून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर केला व माती त्यावरून घसरू लागली.

नांगरांचा खप वाढू लागला तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेस नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, म्हणून किर्लोस्करांस कारखाना हलविण्याचा हुकूम झाला. जवळ दुसरी जागा नाही, पैसा नाही, आणि यंत्रे व माणसे घेऊन जावे कोठे? त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात एका सभागृहाचे काम होते. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व गुणांची पारख असलेले पुरुष होते. अडचण कळताच त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. ही वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, व त्या रेल्वे स्थानकास तिचेच नाव मिळाले आहे.

जमीन मिळाली खरी, पण ती निवडुंगाने माजलेली, ओसाड व सर्पांनी भरलेली होती. सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे गेले. रामूअण्णांनी व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर इंजिन चालविण्यापासून पडेल ते काम करीत. मंगेशराव रेगे हिशेब व कोठार सांभाळीत. अनंतराव फळणीकर ह्यांचे शालेय शिक्षण बेताचेच, पण ते कुशल यंत्रज्ञ झाले. माणसाची पदवी न पाहता त्याचे हात व त्याची नियत पाहावी, हा तेथील नियम होता. वाडीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. इतकेच नव्हे तर दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. पतितास पुन्हा उभे करणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी म्हणवितो. त्या दृष्टीने ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले व परदेशांतून येणारे लोखंड दुर्मिळ झाले. नांगरांची मागणी वाढती, आणि भट्टी मात्र उपाशी. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज साह्यास आले. गडावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी नांगरांसाठी दिल्या. ज्या धातूने एकेकाळी माणसे मारली, तो भट्टीत वितळून शेतात उतरला. यशया संदेष्ट्याने शस्त्रे मोडून शेतीची अवजारे घडविण्याचा जो काळ भाकीत केला आहे, त्याची आठवण हा प्रसंग वाचताना झाल्याशिवाय राहत नाही; आणि तो प्रसंग घडला तेव्हा साऱ्या युरोपात नेमके ह्याच्या उलट चालले होते.

पुढील प्रगती थोडक्यात सांगतो. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून मासिक निघू लागले व शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ते महाराष्ट्रात घरोघर गेले. नांगरामागून पाणी उपसण्याचे पंप आले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले व त्यांच्या पिढीने हरिहर येथे लेथ व १९४६ पासून पुण्यास तेलावर चालणारी इंजिने बनविण्यास आरंभ केला.

ह्या यंत्रांतही घर्षणाचा जुना शत्रू होताच. येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी, असे आपणांस वाटते. परंतु ते सर्वस्वी खरे नाही. लेथचा सरकता भाग ज्या बिडाच्या पट्टीवर चालतो, ती पट्टी कुशल कारागीर हाताने खरवडून तिच्यावर उथळ खळगे ठेवतो. इंजिनच्या नळकांड्याच्या आतील भिंतीवर एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात. त्या खळग्यांत व रेघांत तेल साठून राहते आणि ऐन वेळी पृष्ठभागास पुरविले जाते. झिजून निघालेले कणही त्यांत अडकतात व पुढील ओरखडे टळतात. अगदी काचेसारखी गुळगुळीत भिंत तेल धरून ठेवीत नाही व लौकर खराब होते. पाथरवट जात्यास टाकी देतो ती दळण नीट व्हावे म्हणून, तेथे हेतू निराळा. परंतु पृष्ठभागाचे रूप बदलले की त्याचे काम बदलते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच.

आज हे शास्त्र फार पुढे गेले आहे. लेसर किरणांनी धातूवर केसाच्या जाडीहूनही लहान खळगे नेमक्या अंतरावर पाडता येतात. जेथे तेल चालत नाही, अशा अंतराळयानांतील सांध्यांस मॉलिब्डेनम डायसल्फाइड ह्या घन वंगणाचा पातळ लेप देतात. कारण ग्रॅफाइट हवेतील ओलाव्यावाचून नीट काम करीत नाही, आणि तेथे तर हवाच नाही. नांगराच्या बाबतीत चीनमधील चिलिन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या ओळखीच्या एका जिवाकडून धडा घेतला. शेणकिडा जन्मभर शेणामातीत वावरतो, पण त्याच्या अंगास माती चिकटत नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा त्याचे कवच गुळगुळीत नसून त्यावर बारीक उंचवटे व खळगे आढळले. तसेच उंचवटे नांगराच्या पंखावर करून पाहिले असता माती कमी चिकटते व नांगर ओढण्यास बळ कमी लागते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. आळशी मनुष्याने मुंगीकडे जाऊन शहाणे व्हावे असे आपणांस शास्त्रात शिकविले आहे. येथे तर मोठमोठ्या विद्वानांस शेणकिड्याकडे जावे लागले! आपल्या गुरांच्या वाटेवर हा गुरू प्रत्येक पावसाळ्यात दिसतो. त्याच्याकडे थांबून पाहणारा विद्यार्थी मात्र आपणांस हवा आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. रंग न ओळखता आल्यामुळे चित्रशाळा सोडावी लागलेल्या मुलाचे चित्र अशा रीतीने देशभर घरोघर पोहोचले.

पालकांस ह्या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा वा मुलगी पुस्तकात मागे असून सायकल मोडून जोडण्यात, पंप उघडून पाहण्यात रमत असेल, तर ते मूल वाया गेले असे समजू नये. रामूअण्णांनी धाकट्या भावास जो आधार दिला, तेवढाच आधार अशा मुलास पुरे होतो. धन्याने प्रत्येक चाकरास निरनिराळे रुपये सोपविले होते; ज्याने आपला रुपया जमिनीत पुरला तोच दोषी ठरला.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. वापरातला फाळ झिजतो पण चकाकतो. वापराविना कोनाड्यात पडलेला फाळ झिजत नाही, त्यास गंज चढतो. दोन्ही लोखंडे शेवटी संपतात. पहिल्याने मात्र संपण्यापूर्वी शेत नांगरलेले असते. ह्या दोहोंपैकी कोणते व्हावयाचे हे लक्ष्मणरावांनी वयाच्या अठराव्या वर्षी, चित्रशाळेचा दरवाजा बंद झाला त्या दिवशी ठरविले होते. तुम्हांपैकी पुष्कळजण आता त्याच वयाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.